नव्या कक्षातील हवेचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आहेतच. त्यांचे वाचन करून आपला वेळ घेणार नाही. त्यातील विजेच्या रकमेविषयी मात्र बोलणे आमचे कर्तव्य आहे, कारण तिच्या वाढीत आमच्या एका चुकीचा वाटा आहे.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा आपल्याच देणग्यांतून २० खाटांचा प्रीफॅब कक्ष काही आठवड्यांत उभा राहिला. त्याच्या भिंती म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये पॉलियुरेथेन फोम. अवघ्या ५० मिलिमीटर जाडीची ही भिंत उष्णता अडविण्यात नऊ इंची विटांच्या भिंतीहून कितीतरी सरस ठरते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे हा गुण लहान नव्हे. मात्र हलकी भिंत विटेप्रमाणे थंडावा साठवून ठेवीत नाही. वीज गेली की आतील माणसांच्याच उष्णतेने कक्ष तापू लागतो. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. रुग्ण, सोबतीचे नातेवाईक व परिचारिका मिळून ४५ माणसे धरली तर साडेचार किलोवॉट झाले. म्हणजे सव्वा टनाहून अधिक वातानुकूलन केवळ माणसांपायी खर्ची पडते.

कोविडकाळात खिडक्या उघड्याच होत्या. पुढे २०२३ मध्ये कक्ष कायम वापरात घेताना आम्ही स्प्लिट एसी बसविले. कोटेशनांत ते सर्वांत स्वस्त होते, आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तळाचा आकडा आधी दिसतो. स्प्लिट एसी आतलीच हवा पुनःपुन्हा थंड करतो, ताजी हवा आणीत नाही, हे आम्ही ध्यानात घेतले नाही. जुन्या इमारतीत उंच छत, झरोके आणि दारांच्या फटी ते काम न सांगता करीत आल्या. नव्या कक्षाचा प्रत्येक सांधा मात्र बंद केलेला. नातेवाईक सकाळी डोके जड झाल्याची तक्रार करीत, ती आम्ही जागरणाच्या खाती टाकली. याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो. अखेर उपकरण आणून मोजले. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे ४२० असतो. पहाटे कक्षातील आकडा त्याच्या तिपटीहून अधिक भरला. परिचारिकांनी त्याच दिवसापासून खिडक्या उघडल्या व योग्यच केले. परिणामी एसी आणि ऊन यांची दिवसभर झुंज चालली, आणि बिल चढले.

कूलर का नाहीत, असे अनेकांनी विचारले. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम. तो बाहेरची हवाही आणतो. पण जुलैच्या दमट हवेत तो निरुपयोगी, आणि त्याच्या टाकीतील पाण्याची रुग्णालयात धास्ती वाटते.

यावर उपाय आहे तो उष्णता वाचवून ताजी हवा देणाऱ्या यंत्राचा. यात बाहेर जाणारी गार हवा आणि आत येणारी गरम हवा पातळ पत्र्यांच्या थरांतून शेजारून जातात, मिसळत नाहीत. बाहेर ४५ व आत २६ अंश असता, ६० टक्के कार्यक्षमतेच्या यंत्रातून ताजी हवा सुमारे ३४ अंशांवर आत येते. उरलेलेच काम एसीला करावे लागते.

हे यंत्र फॉल्स सीलिंगच्या वर बसते. देणगीदाराच्या नावाची पाटी तेथे लावली तरी ती कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. सोनोग्राफी यंत्रासाठी देणगी मिळविणे आम्हांस सोपे जाते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. तरीही यंदा प्रथम याच यंत्रासाठी आपणांकडे हात पसरीत आहोत. तीन कोटेशने व्यासपीठाजवळच्या मेजावर आहेत. या वेळी आम्ही त्यांवर केवळ किंमत पाहिलेली नाही, ताज्या हवेचे प्रमाणही तपासून घेतले आहे.

नातेवाइकांना एक विनंती. एसी १८ अंशांवर लावू नये. २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले आहे, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. कक्षात २६ अंश व मंद पंखा ठेवला जाईल. कोणा रुग्णास उकडत असल्यास परिचारिकेस सांगावे. रिमोट तिच्याकडेच राहील.