मोडक्या शिपायाची दुरुस्ती
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



छंदाविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी नाणी किंवा तिकिटे घेऊन येईन, असे चिटणीससाहेबांना वाटले असावे. मी आणला आहे हा बोटाएवढा प्लॅस्टिकचा शिपाई. पालकांना हसू येणे साहजिक आहे.

याचे नाव जी. आय. जो. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने तो १९६४ साली प्रथम बाजारात आणला, तेव्हा तो जवळजवळ बारा इंचांचा होता. मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने कंपनीने बाहुली हा शब्दच टाळला आणि 'ॲक्शन फिगर' असे नाव दिले. व्यापाऱ्याची अक्कल पाहा! १९८२ साली तो पावणेचार इंचांचा झाला. आपल्या देशात तो फनस्कूल कंपनीने बनविला. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून उभारलेली ही कंपनी १९८७ सालची, आणि तिचा एक कारखाना आपल्या शेजारच्या गोव्यात. इथल्या काही शिपायांचे रंग अमेरिकेतल्यांहून अगदी निराळे पडले. आज परदेशातले संग्राहक नेमके तेच शोधत असतात. आपल्याकडे मात्र ते माळ्यावरून थेट भंगारात जातात.

याचे कारण बहुधा एकच असते. शिपाई कमरेतून तुटतो. खरे तर तो तुटलेला नसतोच. पाठीवरचा एकुलता स्क्रू काढा, छाती व पाठ वेगळी होतात. आत रबराची एक लहान रिंग असते. पायांना जोडलेला धातूचा आकडा तिने वर छातीशी ताणून धरलेला असतो. वर्षे गेली की रबर कडक होऊन तुटते आणि पाय गळून पडतात. नवी रिंग घातली की शिपाई उभा! मात्र रिंग फार ताठ असेल तर कमरेखालच्या नाजूक प्लॅस्टिकवर ताण येतो. धुण्यासाठी साबणाचे पाणी पुरे, आणि धातूचे भाग कोरडे करूनच जोडावेत. थिनर लावू नये, रंग जातो. अंगठा मोडला असेल तर मात्र दुसऱ्या शिपायाचा हात लावण्यावाचून सहसा गत्यंतर नाही.

नववीतला आमचा एक विद्यार्थी अशी दुरुस्ती करतो. त्याचे वडील शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहेत. "सर, नववीतला पोरगा खेळण्यात गुंतलाय," अशी तक्रार घेऊन ते माझ्याकडे आले होते. मी त्यांना उघडलेला शिपाई दाखविला. त्यांनी तुटकी रिंग चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "ही तर ओ-रिंग. आमच्याकडं डबे भरल्यात." दुसऱ्या दिवशी चार मापांच्या रिंगा घरी आल्या. त्यांतली सर्वांत बारीक बसली.

पुढे पुण्याच्या एका गृहस्थांनी त्यातला एक शिपाई बाराशे रुपयांना मागितला. त्याचा उजवा हात दुसऱ्याचा होता. रंग इतका जुळला होता, की मलाही ओळखू आला नसता. मुलाने पत्रात ते स्पष्ट लिहिले. गृहस्थांनी पाचशे रुपये कमी केले. वडील पुन्हा माझ्याकडे आले. "सर, हे लिहायला तुम्ही सांगितलं का?" मी सांगितले नव्हते. पाचशे रुपये म्हणजे त्या घरात लहान रक्कम नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "त्या हाताचा अस्सल जोडीदार कुठं मिळंल?"

संग्रह म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे अनेकांना वाटते. पुण्याचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, घरातली भांडीकुंडी अशा रोजच्या वस्तू जमविल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. लोक तो तिकीट काढून पाहतात. आपल्या माळ्यावरच्या डब्यालाही एकदा हात घालून पाहा.

तूर्त आमच्या विज्ञानकक्षात एक खोके ठेवले आहे. सुटे हात, पाय, जुने स्क्रू, जे सापडेल ते त्यात आणून टाकावे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर बसतो. पालकांनीही यावे, उद्यमनगरात काम करणाऱ्यांनी तर जरूर यावे. हिरव्या रंगाचा एक उजवा हात आम्हांला अजून मिळालेला नाही.