पाऊस, पकड आणि किलोमीटर

(येरवड्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा डनलॉपच्या हवेच्या टायरला अजून तेरा वर्षं अवकाश होता. तेव्हा टायरवर व्याख्यान ही काही त्या परंपरेतली गोष्ट नव्हे. पण मंडपाबाहेर दुचाक्यांची जी रांग लागली आहे ती पाहता, आजच्या श्रोत्यांना स्थितप्रज्ञाच्या लक्षणांइतकीच या विषयाची गरज असावी असं मला वाटतं.

घरी जाताना आपल्या गाडीच्या मागच्या चाकाशी जरा वाका आणि मोबाईलचा दिवा लावून टायर नीट बघा. मधोमध दोन बोटं रुंदीचा सपाट पट्टा दिसेल, तिथली नक्षी जवळजवळ पुसलेली असेल. कडेला मात्र खाचा नव्यासारख्या असतील. कित्येकांच्या टायरवर तर साच्यातून निघतानाचे केसांसारखे रबरी तंतूही तिथे तसेच उभे दिसतील. याचा अर्थ असा की वर्षानुवर्षं तुम्ही सरळ चालवलं, सरळ ब्रेक मारले, आणि वळणावर गाडी फारशी कललीच नाही. पुण्यातल्या टायरचा हा ठरलेला चेहरा आहे. मूळचा गोल टायर असा चौकोनी झाला की गाडी वळणात आधी आढेवेढे घेते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. मालकाला वाटतं, बॉलरेस गेली.

टायरकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: कोरड्या रस्त्यावर पकड, ओल्यात पकड आणि भरपूर आयुष्य. दुकानात गेल्यावर आपण मात्र एकच प्रश्न विचारतो, "किती चालेल?" ही सवय लागली त्याला इतिहास आहे. चेतक स्कूटर 1972 पासून आकुर्डीत बनू लागली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर ती घरी यायची. तिचे पुढचा, मागचा आणि स्टेपनी असे तिन्ही टायर साडेतीन बाय दहाचे, एकाच मापाचे. मागचा घासला की पुढे घालायचा, पुढचा स्टेपनीला, आणि स्टेपनीचा ठेवणीतला मागे. या फिरवाफिरवीत गृहस्थ टायरचा शेवटचा कणही वसूल करत असे, आणि चाळीसच्या वेगात ते खपूनही जाई. 2001 साली पल्सर आली, पुढे डिस्क ब्रेक आले, ट्यूबलेस आले, वेग दुप्पट झाला. 2019 च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. प्रश्न मात्र चेतकच्या काळातलाच राहिला. मला आज एवढंच म्हणायचं आहे की हा प्रश्न आपण उलट टोकाकडून विचारायला हवा. आधी ओल्या रस्त्याचं बघायचं, किलोमीटर सगळ्यांत शेवटी.

रबर रस्त्याला धरतं कसं, ते पाहू. एक तर ते चिकटतं. कोरड्या डांबराला रबराचा पृष्ठभाग अगदी कणाकणाने भिडतो. दुसरं म्हणजे ते खडीच्या टोकांवर दबतं आणि पुन्हा वर येतं, पण वर यायला थोडा उशीर लावतं. या उशिरात जी शक्ती खर्ची पडते, तीच आपल्याला पकड म्हणून मिळते. रस्ता ओला झाला की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा येतो, चिकटणं जवळपास संपतं आणि भिस्त राहते ती या दबण्या-उठण्यावर. म्हणजे पावसाळी टायरचं रबर थोडं आळशी हवं. पण आळशी रबर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तापतं आणि पेट्रोल खातं, शिवाय मऊ असलं की झिजतंही लवकर. उलट कडक, चपळ रबर घेतलं तर ते खूप चालतं, मायलेज देतं आणि जूनमध्ये दगा देतं. टायर बनवणारे गेली शंभर वर्षं याच ओढाताणीत अडकलेले आहेत.

थोडी सुटका झाली ती सिलिकामुळे. टायर काळा असतो तो काजळीमुळे. ही काजळी रबरात घातली की त्याचा चिवटपणा कित्येक पटींनी वाढतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने या काजळीच्या बऱ्याचशा भागाच्या जागी सिलिका वापरून दाखवली. गंमत अशी की चाळीसच्या वेगाला चाक सेकंदाला पाच-सहा वेळा फिरतं, पण ब्रेक लागल्यावर खडीवरून घासणाऱ्या रबराची थरथर सेकंदाला हजारोंच्या घरात जाते. सिलिकाचं रबर संथ फिरण्यात चपळ राहतं आणि जलद थरथरीत आळशी होतं. दोन्हीकडे हवं तसं! पण सिलिका आणि रबर यांचं आपणहून पटत नाही. मध्ये सिलेन नावाचा मध्यस्थ लागतो, मिश्रणही जपून करावं लागतं. चांगला टायर महाग पडतो त्यामागे हेही एक कारण आहे, सगळा काही जाहिरातीचा खर्च नसतो.

आता येरवड्यातल्या रस्त्यांकडे येऊ. पावसात टायर पाण्यावर तरंगतो आणि गाडी घसरते, असं सर्रास म्हटलं जातं. टायर तरंगतो हे खरं, पण कोणत्या वेगाला? 1960 च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर काम करून एक सूत्र काढलं. त्यानुसार हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. 28 पौंड हवेला तो ताशी 88 किलोमीटरच्या आसपास येतो. दुचाकीचा टायर अरुंद आणि गोल असल्याने तो पाणी आणखी सहज कापतो. म्हणजे गुंजन चौकात गाडी स्लिप झालेला माणूस तरंगत नव्हता. तो घसरला चिखलाच्या पापुद्र्यावर. आठ महिने रस्त्यावर धूळ, ऑईल आणि टायरचीच झिजलेली पूड साठत असते. वळवाच्या पहिल्या सरीत या सगळ्याचं बुळबुळीत लिंपण तयार होतं. तास-दोन तास धो धो कोसळला की तोच रस्ता धुऊन निघतो आणि चांगला धरतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांची रिमझिम ही मुसळधारेपेक्षा वाईट. शिवाय नगर रस्त्यावर टँकरमधून सांडणारं पाणी भर मेमध्येही असतंच. त्यात झेब्रा पट्ट्यांचा रंग, ड्रेनेजची झाकणं, पुलाच्या जोडांवरच्या लोखंडी पट्ट्या. तिथे खाचांची खोली कामाला येत नाही, रबराचा स्वभाव येतो. खाचा कामाला येतात ताम्हिणी घाटात, सत्तर-ऐंशीच्या वेगाला, साचलेल्या पाण्यात.

रबराच्या पकडीतला फरक आकड्यांत बघा. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. घर्षणाचा गुणांक 0.6 धरला तर ब्रेक लागल्यापासून साधारण साडेदहा मीटरवर गाडी थांबते. 0.5 धरला, तर पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरी अजून ताशी 16 च्या वेगात असते. सिग्नलला पुढे उभ्या असलेल्या पीएमपी बसच्या मागच्या बंपरवर हा 16 चा वेग काय करतो, ते सांगायला नको. आणि एबीएस इथे पकड निर्माण करत नाही. चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. असलेल्या पकडीचा तो चोख हिशेब ठेवतो, पण खात्यात भर टायरनेच घालायची असते.

किलोमीटर सोडून द्यायचे म्हणजे तोटाच, असं कुणाला वाटत असेल, तर हिशेब मांडू. धरा, एक टायर 2,000 रुपयांचा आहे आणि 25,000 किलोमीटर चालतो: किलोमीटरला आठ पैसे. दुसरा 2,600 चा, 18,000 च चालणारा: साडेचौदा पैसे. फरक साडेसहा पैशांचा. पंचेचाळीसचं ॲव्हरेज देणारी गाडी तेवढ्याच किलोमीटरला दोन रुपयांहून जास्त पेट्रोल पिते. चौकातल्या कटिंग चहासाठी आपण याहून उधळे असतो.

डिलिव्हरीच्या मुलांचं गणित मात्र वेगळं आहे, हे कबूल करायला हवं. कल्याणीनगर, विमाननगरला दिवसभर डबे पोचवणाऱ्याला टायर वर्षातून एकदा तरी बदलावा लागतो आणि तो खर्च त्याच्याच खिशातून जातो. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळत असल्याने मागचा टायर आणखी लवकर उतरतो. त्यांना मी म्हणेन, मागचा टायर टिकाऊ घ्या, पण पुढच्यात काटकसर नको. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचं घसरलं तर गाडी शेपूट हलवते, बऱ्याचदा सावरता येते. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय पुढचा झिजतो हळू, म्हणजे चांगला घेतलेला पुढचा टायर दीर्घकाळ पुरतो. आपल्याकडे होतं उलटंच: मागचा नवा घेतात आणि पुढचा "चालतोय की अजून" म्हणून दहा वर्षं तसाच राहतो.

निवडायचा कसा, हा खरा अवघड भाग. युरोपात 2012 पासून मोटारीच्या टायरवर ओल्यातल्या पकडीची श्रेणी छापलेली असते. दुचाकीच्या टायरला ती सोय तिथेही नाही. त्यामुळे आपल्याला खुणांवरून ओळखावं लागतं. मधे कडक आणि कडेला मऊ अशा दुहेरी कंपाऊंडचा मागचा टायर मिळत असेल तर शहराला तो छान, कारण झीज मधे होते आणि कलताना पकड कडेला लागते. पूर्ण स्पोर्ट जातीच्या मऊ टायरचा मोह मात्र टाळावा. ते रबर तापल्यावर धरतं, आणि ऑगस्टच्या झडीत येरवडा ते शिवाजीनगर जाताना ते तापतच नाही. बटण टायर लावून ताम्हिणीला जाणारी मुलं दिसतात. अहो, तिथेही डांबरच आहे! बटणांच्या मधली जागा रिकामी, म्हणजे डांबराला टेकणारं रबर तेवढं कमी. आणि शंभरच्या रिमवर एकशेचाळीसचा टायर चढवू नका. रिम त्याला आवळते, त्याचा आकार बिघडतो, गाडी वळायला जड होते, ॲव्हरेज पडतं. दिसायला रुबाबदार दिसतं, एवढाच फायदा.

दुकानदाराने टायर समोर ठेवला की बाजूवरचे चार आकडे शोधा. 2324 असेल तर तो 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला. पडून पडून रबर कडक होतं. सवलतीत मिळणारा चार वर्षांचा टायर खाचांनी नवा आणि स्वभावाने म्हातारा असतो. 55पी असं काही लिहिलेलं दिसेल. 55 म्हणजे 218 किलोचा भार, पी म्हणजे ताशी 150 ची मर्यादा. मूळ टायरपेक्षा हे आकडे कमी नकोत. बसवताना बाणाची दिशा स्वतः पाहा, कारागीर घाईत असतो. कायद्याने दुचाकीला 0.8 मिलिमीटर खाच उरली तरी चालते. माझ्या मते पावसाळ्यात दोन मिलिमीटरला टायर संपला असं समजावं.

आयुष्य हवंच असेल, तर ते रबरात शोधण्यापेक्षा हवेत शोधा. तुमच्या गाडीचा रस्त्याशी संबंध प्रत्येक चाकाखाली जेमतेम एटीएम कार्डाएवढ्या जागेपुरता आहे, आणि त्या जागेचा आकार हवा ठरवते. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे 25, मागे 28, डबलसीट असेल तर मागे 32 एवढी लागते. पंपावरचा पोऱ्या न विचारता पुढे तीस, मागे चाळीस मारतो. मग टायर फुगून फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो आणि मघाशी सांगितलेला चौकोन आणखी लवकर होतो. कमी हवेत उलट कडा घासतात, टायर तापतो आणि पाण्यावर तरंगण्याचा वेगही खाली येतो. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, आकडा आपण सांगायचा.

टायर बदलायचाच असेल तर तो आत्ता, मे महिन्यात बदला. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत पापुद्रा असतो. तो जायला शंभर-दीडशे किलोमीटर बेताने चालवावं लागतं, तेही हळूहळू थोडं जास्त कलत, म्हणजे कडाही उघडतात. मृग लागल्यावर भर पावसात नवा टायर घालून दुकानातून बाहेर पडणारा माणूस पहिल्याच वळणावर खाली दिसतो. मृगाला अजून अवकाश आहे, आणि दुकानांतली गर्दी जूनच्या पहिल्या सरीनंतरच होते.