वाट चुकलेल्या आईसाठी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी आई शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हती. जेवलेलं विसरायची. प्रीतिसंगमाकडं निघायची आणि परतीची वाट चुकायची. कुणी म्हणालं, म्हातारचळ लागलाय. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. आम्ही लाजेनं दाराला कडी लावली. त्याची खंत आजही आहे.

हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक त्याने ग्रासलेले आहेत. स्त्रियांत, खेड्यांत आणि शिक्षण न मिळालेल्यांत प्रमाण जास्त. आपल्या मागच्या पिढीला शाळेचं दार कुणी बंद केलं, हे मी सांगायला नको.

तपासणीत आईला म्हणाले, "वाचा, लिहून दाखवा." जिला अक्षर कधी शिकवलंच नाही, ती नापासच होणार! हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत १९९० च्या दशकात संशोधकांनी निरक्षरांनाही विचारता येतील असे प्रश्न तयार केले. तेव्हा आपणही ठणकावून सांगावं : आमची आई शिकलेली नाही, तिला रोजच्या जगण्यातलं विचारा.

पण डॉक्टर दहा मिनिटं भेटतो, वस्ती चोवीस तास असते. जपानात २००५ पासून दुकानदार, बँकेतले लोक, शाळेतली मुलं यांना दीडेक तासात हा आजार समजावून देतात. हे आपल्याला अवघड आहे काय? वाट चुकलेलं माणूस दिसलं तर समोरून जा, हळू बोला, वाद घालू नका, घरी पोचवा. घरच्यांनी त्यांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर ठेवावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

ती आजी आपली असेल, मुस्लिम मोहल्ल्यातली असेल, वडार किंवा कैकाडी वस्तीतली असेल. या आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते. ती मराठी विसरली तर तिच्या बोलीत बोलणारं माणूस बोलवा.

सर्वांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः अंघोळ घातली. त्याची जात, गाव विचारलं नाही.

आई माझं नाव विसरली, पण त्रिशरण सुरू झालं की तिचे हात जुळायचे. म्हणून विनंती करतो, अशा माणसांना कडीत ठेवू नका, पौर्णिमेच्या वंदनेला आणा. ती मधेच उठली, बोलली, तर कुणी वळून बघू नये. एवढं केलं तरी या विहाराचा वर्धापनदिन सार्थकी लागला.

नमो बुद्धाय! जयभीम!