एम्टी रेडचा कॉलम

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड आकड्यांचा आहे, पण स्किप करू नका. यात कबड्डी आहे, माझे काका आहेत आणि माझ्या हातून झालेली एक चूक आहे.

सुरुवात मात्र अमेरिकेतून. तिकडच्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. बॉल त्याच्या हातात येतो आणि तो फेकून पुढच्याला देतो. प्रत्येक कॉलेजकडे यादी असते: आपल्याकडच्या कुठल्या क्वार्टरबॅकने अख्ख्या करिअरमध्ये पासमधून किती यार्ड मिळवले. सगळ्या कॉलेजांत मिळून सगळ्यात वरचं नाव केस कीनम. ह्यूस्टन विद्यापीठ, 2007 ते 2011, एकूण 19,217 यार्ड. किलोमीटरमध्ये काढलं तर साडेसतरा. जवळजवळ भोसरीहून चाकण, तेही पासिंग करत. आपण तेवढ्यात दोन सिग्नल आणि एक कंटेनर पार करतो.

आता गंमत बघा. 2012 मध्ये व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट झाला, तेव्हा या रेकॉर्डवाल्या पोराला एकाही टीमने निवडलं नाही. ड्राफ्ट संपल्यावर तो मागच्या दाराने लीगमध्ये शिरला आणि पुढे बरीच वर्षं खेळला, ते वेगळं.

आणखी एक. पासचे यार्ड मोजताना बॉल हवेत किती गेला तेवढंच मोजत नाहीत. कॅच घेणारा त्यानंतर पळत जितका पुढे जातो, तेही फेकणाऱ्याच्या खात्यात पडतं. म्हणजे त्या 19,217 मध्ये दुसऱ्या पोरांचे पायही आहेत. हे वाचलं आणि मला थेट आपली कबड्डी आठवली.

आपला क्वार्टरबॅक म्हणजे रेडर. आणि आपला 19,217 म्हणजे परदीप नरवालचे 1801 रेड पॉइंट्स. प्रो कबड्डीत त्याच्याइतके कुणाचे नव्हते. पाटण्याकडून सलग तीन विजेतेपदं, 2017 च्या एका सीझनमध्ये 369 पॉइंट्स, हरियाणाविरुद्ध एकाच मॅचमध्ये 34, त्यात एका रेडमध्ये आठ! आणि 2025 च्या लिलावात? कुणी बोलीच लावली नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. कीनमला दारातच अडवलं, परदीपला जाताना. दोघांच्याही हातात सगळ्यात मोठा आकडा होता.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. सिद्धार्थ देसाई, चंदगड तालुक्यातला. सहाव्या सीझनला यू मुंबाकडून 21 मॅचमध्ये 218 रेड पॉइंट्स, पुढच्या लिलावात 1 कोटी 45 लाख. मग खांद्याने दगा दिला. करिअरच्या बेरजेत तो परदीपच्या जवळपासही नाही, पण ते सीझन ज्याने पाहिलंय त्याला विचारा, हा माणूस रेडला निघाला की समोरचा डिफेन्स कसा मागे सरकायचा. करिअर रेकॉर्ड हे अर्धं कौशल्याचं असतं आणि अर्धं शरीर टिकण्याचं.

आणि आपली पुणेरी पलटण? दहाव्या सीझनची फायनल, 1 मार्च 2024, हैदराबाद, हरियाणाला 28-25 ने हरवून पहिलं विजेतेपद. त्या सीझनच्या टॉप रेडरच्या यादीत पहिलं नाव आपल्या कुणाचंच नव्हतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, सगळ्यांनी वाटून घेतलं. असं वाटून घेणं कुठल्याच करिअर लिस्टमध्ये वर दिसत नाही.

आता माझी चूक.

मी मोशीत राहतो, हिंजवडीला जातो, दिवसभर डेटाबेस सांभाळतो. मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या टीमसाठी मी एक शीट बनवली. प्रत्येक पोराच्या रेड किती, टच किती, बोनस किती, पकडी किती. मोबाईलवर ग्राफ वगैरे. पोरं खूश. कॅप्टन तर रोज रात्री लीडरबोर्डचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा.

लीडरबोर्डवर सगळ्यात खाली एक पोरगा होता. चाकणला एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर, सेकंड शिफ्ट सांभाळून खेळणारा. सहा मॅच, पॉइंट्स नऊ. सेमीफायनलच्या आदल्या रात्री कॅप्टनने माझी शीट उघडली आणि त्याला बसवलं. मी तिथेच होतो. काही बोललो नाही, कारण आकडा माझाच होता ना.

सेमीफायनलला तीन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही चारने पुढे होतो. तीन मिनिटं म्हणजे प्रत्येकाने पूर्ण तीस सेकंद खाल्ले तर जास्तीत जास्त सहा रेड, त्यातल्या आपल्या तीन. दोन वेळा शांतपणे जायचं, निदान रेषा ओलांडायची, वेळ काढून जिवंत परत यायचं. तिसरी डू ऑर डाय, त्यात आऊट झालास तरी एकच पॉइंट जातो. हे काम तो पोरगा करायचा. त्या सहा मॅचमध्ये त्याने हेच केलं होतं, आणि माझ्या शीटमध्ये त्या प्रत्येक रेडसमोर शून्य होतं. त्या दिवशी त्याच्याऐवजी आमचे टॉपचे रेडर गेले. पॉइंट काढायच्या नादात दोघं पाठोपाठ पकडले गेले, मग लोण बसला. मॅच दोनने गेली.

तो पोरगा मला काही बोलला नाही. ‘दादा, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे,’ म्हणाला आणि बाईक काढली.

ऑफिसमध्ये किती तिकिटं क्लोज केली यावर माझं अप्रेझल होतं, तेव्हा मीच कँटीनमध्ये तावातावाने भाषण देतो. असो.

घरी येऊन काकांना सांगितलं. काका नव्वदच्या दशकात भोसरीत मातीवर खेळले, आठ-नऊ वर्षं. गुडघा गेला तेव्हा थांबले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘माझे किती झाले असतील रे?’ कोण सांगणार? तेव्हा मॅच संपली की स्कोअरचा कागद वडापाव बांधायला जायचा.

मग आम्ही दोघं बसलो. त्यांना पॉइंट्स आठवेनात. आठवत होतं ते असं: आळंदी रोडच्या एका मैदानावर शेवटच्या रेडला फक्त वेळ काढून परत आले, आणि टीममेट्सनी उचलून घेतलं. स्कोअर विचारला तर म्हणाले, ‘एकने जिंकलो बहुतेक.’

शीटमध्ये आता नवा कॉलम आहे. एम्टी रेड, आणि त्यापुढे आघाडी किती होती आणि वेळ किती उरला होता. सेकंद शिफ्टवाल्या पोराच्या सहा मॅच मी व्हिडिओवरून परत भरल्या. त्याच्या एकतीस एम्टी रेड निघाल्या, त्यातल्या बावीस आम्ही पुढे असताना. ते ग्रुपवर टाकलं तेव्हा त्याने फक्त अंगठा पाठवला.

काकांची ओळही आहे शीटमध्ये. पॉइंट्सचा रकाना रिकामा ठेवलाय. एम्टी रेड: एक.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्या मंडळात स्कोअर कोण लिहितं, ते मला पाठवा.