संक्रांतीचे तीन दिवस

मराठी घरांतील बहुतेक सण चंद्राच्या हिशेबानें येतात. त्यामुळें दिवाळी केव्हां येणार हें दरसाल पंचांग उघडून पाहावें लागतें. संक्रांतीचें तसें नाहीं. सूर्य मकर राशींत शिरला कीं संक्रांत झाली, आणि म्हणून तिची तारीख शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असते. ही तारीख मात्र अढळ आहे असा जो समज आहे तो खरा नव्हे. पंचांगांतील नक्षत्रवर्ष ऋतुवर्षापेक्षां सुमारें वीस मिनिटांनीं मोठें; तीं मिनिटें सांचत सांचत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजीं जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. आतां संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. उत्तरायण तर खरोखर २१-२२ डिसेंबरलाच लागतें. म्हणजे घरोघर तिळगूळ वाटला जातो तेव्हां सूर्य परतीला लागून तीन आठवडे उलटलेले असतात. अर्थात् थंडीला हा हिशेब कळत नाहीं. नाशिकाकडे जानेवारीच्या मध्यास पहांटे हात गारठतातच, आणि सणाला तेवढें पुरतें.

या सणाची एकच पंचाईत आहे. नाताळची सुट्टी संपून मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, कचेऱ्यांनाही सर्वत्र सुट्टी असतेच असें नाहीं. एक भाऊ ठाण्यास, दुसरा पुण्यास, बहीण सोलापुरास अशीं जीं कुटुंबें पांगलीं आहेत त्यांना संक्रांतीस एका छपराखालीं यावयाचें म्हणजे रजेचे अर्ज, गाडीचीं तिकिटें आणि मुलांच्या चांचण्या यांचा मेळ घालावा लागतो. पण घरांत नवी सून आली असेल, किंवा नातवाचें बोरन्हाण असेल, तर हा मेळ बसतो. माळ्यावरच्या गाद्या खालीं येतात, आणि चार खोल्यांत सोळा माणसें निजतात.

अशा एखाद्या घरांत संक्रांत दहा दिवस आधीं सुरू होते, ती शेगडीपाशीं. हलवा करणें हें घाईचें काम नव्हे. पसरट परात मंद आंचेवर ठेवावयाची, तिच्यांत भाजलेले तीळ घालावयाचे, साखरेच्या पाकांत थोडें दूध टाकून त्याची मळी काढावयाची, आणि मग तो पाक चमचा चमचा सोडीत बोटांच्या टोकांनीं तीळ फिरवीत राहावयाचें. एक थर वाळल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं. हवा कोरडी व थंड असेल तर काटा सुरेख उठतो. आभाळ भरून आलें कीं दाणे गुळगुळीत राहतात, आणि करणारीचा सारा दिवस वायां जातो. बाजारांत हलवा मिळतो, तयार दागिनेही मिळतात, आणि ते वाईट असतात असेंही नाहीं. तथापि घरचा पांढराशुभ्र काटेरी हलवा ज्यानें खाल्ला आहे त्याला बाजारचा दाणा जिभेवर ठेवतांच ओळखतां येतो.

नाशिकच्या अशाच एका घरीं हें काम बहुधा आत्याचें असतें. आत्या म्हणजे घरच्या मुलांची आत्या. सत्तरीला आलेली, बारा वर्षांपूर्वीं पती वारल्यावर भावाकडे येऊन राहिलेली. नव्या सुनेच्या बांगड्या, हार, बाजूबंद, कंबरपट्टा हें सर्व तीच हलव्याचे दाणे दोऱ्यांत गुंफून करते; जांवयाला हार तोही तिच्याच हातचा.

भोगीचा दिवस गडबडींत जातो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिजवर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, आणि वांगीं, गाजर, घेवडा, ओले हरभरे घालून केलेली मिसळीची भाजी. एरवीं वांग्याला नांवें ठेवणारीं मुलें त्या दिवशीं तीच भाजी दोनदां मागून घेतात. पंगतीचा हा गुण कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सुगडें पुजलीं जातात, त्यांत ऊस, बोरें, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. दुपारीं गुळाची पोळी आणि तूप. काळी चंद्रकळा नेसून, अंगभर पांढरे दागिने लेऊन सून पाटावर बसली म्हणजे घरांतील म्हातारीं माणसेंही क्षणभर बोलावयाचीं थांबतात.

पण त्याच संध्याकाळीं हळदीकुंकवाला बायका जमूं लागल्या कीं आत्या उठते आणि स्वयंपाकघरांत जाते. तिला कोणी जा म्हणत नाहीं. म्हणावें लागत नाहीं, हेंच त्यांतलें वाईट.

कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड येथील ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत इतर ग्रामपंचायतींनींही तसेंच करावें असें राज्य सरकारनें परिपत्रक काढलें. ठराव चांगलाच होता. मात्र शहरांतील सुशिक्षित घरांत, जेथें असा ठराव करावयाची कोणास गरजही वाटली नाहीं, तेथें माजघर आणि दिवाणखाना यांमधला उंबरा अजून तेवढाच उंच आहे.

या घरीं सुनेनें सासूला आदल्या रात्रींच विचारलें होतें. सासू म्हणाली, “अग, तुझी पहिली संक्रांत. पुढच्या वर्षीं पाहूं.” यावर सून कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं बायकांना तिळगूळ देऊन झाल्यावर ती करंडा घेऊन सरळ आंत गेली.

“आत्या, पुढें या ना.”

“नको ग. बाहेर मंडळी बसली आहे.”

“बसूं द्या. हात पुढें करा.”

सासू दारांत येऊन उभी राहिली होती. ती रागावेल असें सुनेला वाटलें. ती फक्त म्हणाली, “वन्स, घ्या. पोर केव्हांची उभी आहे.”

आत्यानें हळद लावून घेतली. कुंकवाचें बोट पुढें आलें तेव्हां मात्र तिनें हलकेच मान मागें घेतली. सुनेनें आग्रह धरला नाहीं. तिनें वाणाची वाटी आणि हलवा हातांत दिला आणि वांकून नमस्कार केला. बाहेरच्या बायकांपैकीं दोघींनीं हें पाहिलें, एक गप्प बसली, दुसरी उठून आंत येऊन आत्याला म्हणाली, “यंदा काटा फार छान आलाय हो.”

तिसरा दिवस किंक्रांतीचा. हा करिदिन, या दिवशीं प्रवास करूं नये असें जुनीं माणसें म्हणतात, आणि ठाण्याची मंडळी सकाळच्याच गाडीनें निघते. डब्यांत गुळाच्या पोळ्या गेल्या. गाद्या पुन्हां माळ्यावर चढल्या. सुनेनें दागिने उतरवून ठेवले होते, ते मुलांनीं दुपारपर्यंत निम्मे खाल्ले. आत्या दोऱ्यांतले उरलेले दाणे सोडवून डब्यांत भरीत होती; रथसप्तमीपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला द्यावयाला हवेत म्हणून. सून शेजारीं येऊन बसली आणि पुढच्या खेपेला पाक किती घट्ट घ्यावयाचा तें विचारूं लागली.