सामायिक पाण्यावरील शिकार

कृष्णा-तारळींच्या संगमाकांठीं उंब्रज वसलें आहे. नदीचें पाणी कोणा एकाचें नसतें. अशा पाण्यावर बदकें टिपूं पाहणाऱ्याला शेजारच्या शिकाऱ्याचीच धास्ती अधिक. एकानें दुरूनच उतावळा बार काढला, कीं सारा थवा उठे आणि पहांटेपासून दबा धरलेले सर्वच रिकाम्या हातीं परतत. १९१२ च्या कायद्यानें बदकांसाठीं बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला. पण खुल्या दिवसांत कोणीं किती धीर धरावा, हें कोणता कायदा सांगणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निर्बंध कडक झाले. १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्यानें होणारी बदकांची शिकारही संपली. पाणी मात्र अजून सर्वांचेंच आहे. जाळें टाकणारा, पंप लावणारा व पक्षी पाहणारा यांनीं तरी एकमेकांसाठीं आणि हिंवाळी पाहुण्यांसाठीं थोडें राखावें.