टर्बोचा दाब आणि सायलेन्सरची निवड

डिचोलीच्या रस्त्यांनी खनिजवाहू ट्रकांची घरघर अनेक वर्षे सोसली आहे. तीत हौशी मोटारींच्या कर्कश आवाजाची भर पडू नये. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टर्बोचे चक्र फिरते व सिलिंडरात अधिक हवा लोटते. हा दाब मर्यादेबाहेर वाढविल्यास अतिउष्णतेने पिस्टन व गॅस्केट निकामी होण्याचा संभव असतो. रुंद नळीचा सायलेन्सर बसविल्यास वायूंचा अवरोध घटून दाब आपोआपही चढू शकतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच करावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक वाहनास आवश्यक आहे. घोषित शांतता क्षेत्रात दिवसाची ध्वनिमर्यादा ५० डेसिबल आहे. सायलेन्सर निवडताना वाहनधारकाने रस्त्यालगतच्या शाळेतील मुलांचेही स्मरण ठेवावे.